नळीची लांबी : पनवेलच्या वाटेवरील एका शस्त्रप्रश्नाचा इतिहास

रिव्हॉल्वरची नळी किती लांब असावी, हा प्रश्न आज शस्त्रविक्रेत्याच्या यादीतील एका रकान्यापुरता उरला आहे. कोल्ट कंपनीचे १८७३ सालचे एकेरी क्रियेचे, म्हणजे ज्यास इंग्रजी परिभाषेत ‘सिंगल ॲक्शन’ म्हणतात ते, रिव्हॉल्वर साडेसात, साडेपाच किंवा पावणेपाच इंच नळीचे मिळत असे. मूठ तीच, चक्र तेच, चाप तोच; फरक काय तो नळीचा. अशी निवड ग्राहकाच्या हाती आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. तत्पूर्वी नळीची लांबी बदलली की शस्त्र बदलत असे, आणि शस्त्र बदलले की त्याचे नावही बदलत असे. या स्थित्यंतराचा विचार करण्यास पनवेल आणि त्याच्या भोवतालचा आठ-दहा मैलांचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. कर्नाळ्याचा किल्ला, मुंबई-पुण्याचा जुना मार्ग, वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण आणि १८७९ मध्ये दरोडा पडलेले पळस्पे ही सर्व ठिकाणे या परिघात येतात. आणि लांब नळीच्या तटबंदुकीपासून कमरेच्या रिव्हॉल्वरपर्यंतची सर्व शस्त्रे या ना त्या काळी या भूमीवरून गेलेली आहेत.

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल. मराठीतील अग्निशस्त्रांची नावे बहुतांशी परकीय आहेत. ‘तोफ’ तुर्कीतून आली, ‘बंदूक’ अरबीतून फारसीच्या द्वारे आली, ‘तमंचा’ फारसीच्या वाटेने, तर ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ या शब्दांत पोर्तुगीजांशी आलेल्या संबंधाची खूण राहिली आहे. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर असलेल्या राज्यव्यवहारकोशात ‘शस्त्रवर्ग’ असा स्वतंत्र वर्ग आहे, आणि यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा त्या कोशाचा हेतू सर्वश्रुत आहे. तथापि त्या प्रयत्नानंतरही कारकुनाच्या लेखणीतून आणि शिपायाच्या तोंडून ‘बंदूक’ आणि ‘तोफ’ हे शब्द गेले नाहीत. शस्त्र ज्याच्या हाती असते त्याच्या भाषेपुढे कोशकाराचे फारसे चालत नाही.

परंतु शब्द परकीय असले तरी त्यांची मांडणी या देशाच्या गरजांनी केलेली होती, आणि त्या मांडणीत नळीची लांबी हे एक मुख्य सूत्र होते. तटावरून दूरचा वेध घेण्यासाठी लांब नळीची, जड आणि बहुधा आधारावर टेकून उडवावयाची ती जेजाल. पायदळाच्या खांद्यावरची ती बंदूक. स्वाराने घोड्यावर बसून एका हाताने सावरावयाची, आखूड नळीची ती कराबीन. कमरेच्या शेल्यात खोवता येईल तो तमंचा किंवा पिस्तूल. म्हणजे ‘आखूड नळीची जेजाल’ हा शब्दप्रयोगच वदतोव्याघात ठरला असता. लांबीचा निर्देश विशेषणाने करण्याची आवश्यकता नव्हती, कारण ती नामातच अंतर्भूत होती. विशेषणे लागत ती अन्य गोष्टींसाठी. बार कसा भरला जातो हे सांगण्यास ‘ठासणीची’. तो कसा पेटतो हे सांगण्यास ‘तोड्याची’ किंवा ‘चकमकीची’. नळ्या किती हे सांगण्यास ‘एकनळी’ आणि ‘दुनळी’. ही विशेषणे पाहिली म्हणजे बोलणाऱ्यास शस्त्राविषयी कोणती गोष्ट सांगितल्यावाचून कळत नसे आणि कोणती आपोआप कळत असे, याचा अचूक नकाशा हाती येतो.

येथे थोडे विषयांतर करून एका मनोरंजक शब्दाकडे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. दारूला ठिणगी देणारा जो हातोडीसारखा भाग, त्यास मराठीत ‘घोडा’ म्हणतात. इंग्रजीत त्याच भागास कोंबडा म्हणत, जर्मनही कोंबडाच म्हणतो. फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीज भाषांत तो कुत्रा आहे, आणि स्पॅनिश भाषेत चापाच्या नावात मांजर येऊन बसले आहे. चावणारा, टोचणारा किंवा झेप घेणारा प्राणी प्रत्येक समाजाने आपापल्या अंगणातून निवडला. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता साडेचारशे वर्षे राहिली आणि त्यांच्याकडून काडतुसाचे नाव घेण्यास मराठीने संकोच केला नाही. परंतु त्यांचा कुत्रा मात्र तिने घेतला नाही. तो भाग घोडाच राहिला, आणि ‘चाप’ हा धनुष्याचा वाचक असलेला संस्कृत शब्द त्याच्या खालच्या जिभेस मिळाला. धनुष्य गेले, त्याचे नाव बंदुकीच्या बोटाखाली राहिले.

कर्नाळ्याचा किल्ला पनवेलच्या दक्षिणेस आहे. त्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका पनवेलच्या खाडीतून येणाऱ्या गलबतांना दुरून दिसत असे आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवरही त्याची नजर होती. १६७० मध्ये तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ च्या जानेवारीत, कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो घेतला. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव फडके हे या गडाशी किल्लेदार म्हणून निगडित होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. अशा गडावरच्या शस्त्राचा न्याय सरळ असतो. वेध घेणारा उभा आहे, लक्ष्य खाली आहे, शस्त्र जागचे हलवावयाचे नाही. तेव्हा नळी जेवढी लांब तेवढी बरी. काळी दारू क्रमाक्रमाने जळते आणि तिच्या वायूस गोळी ढकलण्यासाठी जितकी लांब वाट मिळेल तितका गोळीचा वेग वाढतो. तटावरील माणसास लांबीची किंमत द्यावी लागत नाही. ती किंमत वाटेवरच्या माणसास द्यावी लागते.

आणि पनवेल हे वाटेवरचे गाव होते. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये लोहमार्गाने घाट ओलांडला. मधल्या तेहेतीस वर्षांत मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी सामान्यतः पडावातून किंवा आगबोटीतून पनवेल बंदरात उतरे आणि तेथून घोड्यावर, पालखीत किंवा गाडीत बसून चौक, खालापूर, खोपोलीवरून घाटाच्या पायथ्याशी जाई. इंग्रज अधिकाऱ्याच्या खोगिराच्या पुढच्या बाजूस दोन कातडी खोळी असत आणि त्यांत एकेका बाराची दोन लांब पिस्तुले. नळी लांब असली तरी तिचे ओझे घोड्याच्या अंगावर होते. मात्र स्वार खाली उतरला की शस्त्र खोगिरावरच राही, आणि दोन बार झाल्यावर भर रस्त्यात ठासणी करणे हे कोणासही शक्य नव्हते. खोगिरावरून कमरेवर आणि दोन बारांवरून सहा बारांवर, अशी जी दोन स्थित्यंतरे पुढे झाली त्यांतून नळीच्या लांबीचा प्रश्न उत्पन्न झाला.

सॅम्युअल कोल्ट याने १८३५ मध्ये इंग्लंडात आणि १८३६ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळविलेल्या फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे तत्त्व असे : अंगठ्याने घोडा मागे चढविला की त्याच हालचालीने चक्र एका घराने फिरते आणि पुढील बार नळीच्या समोर येऊन अडकतो, चापास केवळ चढविलेला घोडा सोडण्याचे काम असते. चापाचे काम एकच, म्हणून ही एकेरी क्रिया. चाप हलका आणि त्याची ओढ आखूड असल्याने नेम ढळत नाही, हा तिचा गुण. प्रत्येक बारासाठी अंगठा उचलावा लागतो, हा तिचा दोष. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपली शस्त्रे मांडली आणि १८५३ पासून काही वर्षे खुद्द लंडनमध्ये कारखाना चालविला. त्याच वेळी रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराने नुसता चाप ओढून घोडा चढेल आणि पडेलही, असे रिव्हॉल्वर पुढे आणले. हिंदुस्थानात येणाऱ्या अधिकाऱ्यांत या दोन शस्त्रांचे दोन पक्षच पडले, आणि १८५७ च्या उठावाने त्या वादास रक्ताचे पुरावे पुरविले.

या पुराव्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध हकिकत जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी याने सांगितलेली आहे. हा गृहस्थ बंगालच्या सैन्यातला, १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला आणि पुढे स्वतःच एका स्वयंचलित रिव्हॉल्वरचा कर्ता म्हणून नावाजलेला. त्याच्या कथनानुसार आपल्या पिस्तुलाच्या नेमाचा अभिमान बाळगणारा एक अधिकारी तलवार घेऊन धावून येणाऱ्या एका शिपायासमोर कोल्टचे नेव्ही रिव्हॉल्वर घेऊन उभा राहिला. शस्त्राची नळी साडेसात इंच, तोंड ०.३६ इंच. अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या, नेम चुकला नाही. पण शिपाई थांबला नाही आणि त्याने अधिकाऱ्याचे मस्तक दुभंगले. नंतर पाहता गोळ्या शिपायाच्या छातीत एकमेकींजवळच लागून आरपार गेलेल्या आढळल्या. ही कथा इंग्रजांच्या बाजूने सांगितली गेली आहे हे विसरता कामा नये. तिच्यात अधिकाऱ्याचा नेम आहे, शस्त्राची बनावट आहे, गोळीचा व्यास आहे. त्या शिपायाचे नाव मात्र नाही. छातीत गोळ्या घेऊन तो काही पावले चालत आला, ही गोष्ट कथेत शस्त्राच्या दोषाचा दाखला म्हणून येते, माणसाच्या धैर्याचा म्हणून येत नाही.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कथेचे महत्त्व निराळे आहे. लांब नळीने वेग आणि नेम ही दोन्ही साधली होती, आणि तरीही तलवारीच्या अंतरावर त्यांचा उपयोग झाला नाही. त्या अंतरावर गोळीची जाडी आणि शस्त्र बाहेर काढण्याची त्वरा यांस महत्त्व येते. म्हणजे नळीच्या लांबीचा विचार एकट्याने करता येत नाही. कोणत्या अंतरावर, कोणत्या गोळीने आणि कोणत्या आसनावरून, हे आधी ठरावे लागते. अमेरिकेच्या सैन्यासही हा धडा पुढे फिलिपाइन्समध्ये गिरवावा लागला. तेथे १८९९ नंतरच्या युद्धात बारीक तोंडाची रिव्हॉल्वरे अपुरी ठरली आणि कोठारात टाकलेली ०.४५ इंच तोंडाची जुनी एकेरी क्रियेची शस्त्रे पुन्हा बाहेर काढण्यात आली.

ही जुनी शस्त्रे म्हणजेच कोल्टचे १८७३ चे रिव्हॉल्वर. त्याच्या तीन लांबींचा इतिहास हा या प्रश्नाचा गाभा असल्याने तेथे थोडे थांबणे अवश्य आहे. अमेरिकी घोडदळाने ते स्वीकारले ते साडेसात इंच नळीचे. पुढे १८९५ पासून सरकारी कोठारातील हजारो शस्त्रे परत मागवून त्यांच्या नळ्या दोन दोन इंचांनी कापण्यात आल्या. त्या साडेपाच इंची नमुन्यास तोफखान्याचे नाव पडले. पावणेपाच इंची नमुना नागरी ग्राहकांत विशेष खपला. ही तिसरी लांबी अशी अपूर्णांकात का, याचे उत्तर नेमबाजीत सापडत नाही. या शस्त्रातील रिकामी टरफले नळीच्या उजव्या अंगास बसविलेल्या एका दांडीने एकेक करून मागे ढकलावी लागतात. त्या दांडीचे घर जेथे संपते तेथेच पावणेपाच इंची नळी संपते. यापेक्षा नळी आखूड करावयाची तर दांडीही आखूड करावी लागते किंवा काढूनच टाकावी लागते, आणि मग टरफले काढण्यास काडी शोधण्याची पाळी येते. दांडी नसलेले असे आखूड नमुनेही कारखान्याने केले. ते दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवण्याचे शस्त्र होते. सहा बारांनंतर सातव्याचा विचार त्यात नव्हता.

लांब नळीच्या बाजूने पहिला युक्तिवाद वेगाचा. नळीच्या प्रत्येक जादा इंचामागे गोळीचा वेग सेकंदास साधारणतः पंचवीस ते पन्नास फुटांनी वाढतो. पण रिव्हॉल्वरमध्ये चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असावीच लागते, अन्यथा चक्र फिरणार नाही. आणि त्या फटीतून वायू निसटतो. म्हणून बंदुकीत लांबीचा जेवढा लाभ होतो तेवढा येथे होत नाही. खरा लाभ नेमाचा आहे. नळीच्या टोकावरील माशी आणि मागची खाच यांतील अंतर जेवढे अधिक, तेवढी डोळ्याची चूक लहान होते. हे अंतर सहा इंच धरले आणि माशी खाचेत एक शतांश इंचाने बाजूस राहिली, तर पंचवीस यार्डांवर गोळी दीड इंच चुकते. तेच अंतर नऊ इंच असेल तर चूक एका इंचावर येते. कोल्टच्या जुन्या नेव्ही नमुन्यात तर ही मागची खाच घोड्याच्याच नाकावर कोरलेली असे, त्यामुळे घोडा चढविल्यावाचून नेम धरताच येत नसे. १८७३ च्या नमुन्यात ती चौकटीच्या वरच्या पट्टीत आली.

याखेरीज लांब नळीचे वजन पुढे पडते, हात स्थिर राहतो आणि बार होताच शस्त्राचे तोंड फार उसळत नाही. आखूड नळीच्या बाजूने बोलावयाचे तर ती खोळीतून लवकर सुटते, बसलेल्या माणसाच्या मांडीत रुतत नाही, आणि दिवसभर कमरेस बाळगताना तिचा भार जाणवत नाही. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच धक्क्याने शस्त्राचे तोंड किंचित वर उचलले जाऊ लागते. नळी कापली की गोळी अधिक लवकर बाहेर पडते, हे उचलणे कमी होते आणि गोळी बहुधा पूर्वीपेक्षा खाली लागते. म्हणून माशीची उंची नव्याने ठरवावी लागते. ज्यांनी करवतीने नळी कापून जुनीच माशी पुन्हा बसविली त्यांस आपला नेम का बिघडला हे कळले नसल्यास नवल नाही.

या सर्वांचा विचार करता साडेपाच इंचांची मधली लांबी सर्वांत समतोल ठरते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. इंग्लंडच्या सैन्याने वेगळ्या बनावटीच्या शस्त्रात जवळजवळ याच उत्तराकडे डोलत डोलत वाटचाल केली. १८८७ च्या वेब्लीची नळी चार इंच. १९१५ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, ती सहा इंच झाली. १९३२ च्या एन्फील्ड रिव्हॉल्वरमध्ये ती पाच इंचांवर आली. त्याच एन्फील्डच्या १९३८ च्या सुधारित नमुन्यात घोड्यावरील अंगठ्याची खूंट काढून टाकण्यात आली, आणि अंगठ्याने घोडा चढविण्याची सोयच संपली. बारा इंच नळीच्या कोल्टची जी कथा वायट अर्प या अमेरिकी अंमलदाराच्या नावावर सांगितली जाते, ती १९३१ मध्ये निघालेल्या त्याच्या चरित्रामुळे पसरली. तिला समकालीन पुरावा नाही. परंतु शस्त्रांच्या बाबतीत आख्यायिकेची नळी नेहमीच वस्तुस्थितीपेक्षा लांब असते.

आतापर्यंतचे विवेचन, निवड करण्यास ग्राहक मोकळा होता, या गृहीतावर चालले आहे. पनवेलच्या परिसरात हे गृहीत टिकत नाही. १८७८ च्या अकराव्या अधिनियमाने, म्हणजे लॉर्ड लिटनच्या शस्त्रकायद्याने, परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा अपराध ठरविला आणि त्याखालील नियमांनी युरोपियनांस त्यातून सूट दिली. या कायद्यास एक वर्षही पुरते लोटते न लोटते तोच, १८७९ च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील माजी कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी धामारी येथे पहिला दरोडा घालून उठावास आरंभ केला. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणचा. कर्नाळ्याचा सुळका त्या गावातून दिसतो. १० आणि ११ मे १८७९ च्या सुमारास त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांच्या रामोशी टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. पनवेल तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाब्यास जोडला गेला. लूट दीड लाखाच्या घरात गेली असे सांगतात. घाटाकडे परतणाऱ्या टोळीस मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव गोळी लागून मरण पावले. पुढे जुलैमध्ये कलादगी जिल्ह्यात वासुदेव बळवंत पकडले गेले; १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

पळस्प्याच्या त्या दोन रात्रींत दोन्ही बाजूंच्या हाती असलेली शस्त्रे समोरासमोर ठेवली म्हणजे नळीच्या लांबीच्या प्रश्नाचे खरे स्वरूप दिसते. एका बाजूस हाती लागतील तशा तलवारी आणि ठासणीच्या बंदुका. त्यांची लांबी आजोबाने किंवा गावच्या लोहाराने ठरविलेली. दुसऱ्या बाजूस मागून काडतूस भरावयाच्या सरकारी बंदुका आणि अधिकाऱ्याच्या कमरेस त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आवडीने घेतलेले रिव्हॉल्वर. चार इंच की सहा इंच, हा विचार त्या अधिकाऱ्याने दुकानात उभे राहून केलेला असे. रामोश्यांच्या बाजूस हा प्रश्न उद्भवतच नव्हता. फडके प्रकरणाची कागदपत्रे मुंबई सरकारने १९५७ मध्ये स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केली आहेत. शस्त्रविद्येच्या अभ्यासकाने ती या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. इंग्रजी कागदांतील भिन्न भिन्न शस्त्रांसाठी मराठी चरित्रकार सरसकट ‘पिस्तूल’ किंवा ‘बंदूक’ लिहून जातात, आणि एका बाराचे शस्त्र कोणते व सहा बारांचे कोणते हा भेद वाचकाच्या दृष्टीआड होतो. तो भेद केवळ शब्दाचा नाही. एका बारानंतर हातात लाकडाचा दांडा उरलेला माणूस आणि अद्याप पाच बार शिल्लक असलेला माणूस यांच्या धैर्याचे माप एकच असू शकत नाही.

शस्त्रकायद्याने आणखी एक गोष्ट घडविली. परवाना नसलेल्याच्या बाबतीत नळीची लांबी नेमाने किंवा वेगाने नव्हे, तर लपविण्याच्या सोयीने ठरू लागली. १९०९ मध्ये चतुर्भुज अमीन याने लंडनहून मुंबईस वीस ब्राउनिंग पिस्तुले आणली ती पेटीच्या खोट्या तळात घालून. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. पेटीच्या तळाची खोली हेच तेथे शस्त्राचे माप होते. ही पिस्तुले चक्राची नव्हेत, ती चपटी आणि स्वतः भरणारी. रिव्हॉल्वरचे चक्र अशा जागेत फुगते. याच्या उलट उदाहरण कलकत्त्याचे. तेथे २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले क्रांतिकारकांच्या हाती लागली. लांब नळीची आणि लाकडी खोळच दस्ता म्हणून मागे जोडता येईल अशी. ती निवडून घेतलेली नव्हती, सापडली तशी घेतली होती. म्हणूनच कदाचित तेथे शस्त्र मोठे होते. पुण्यात २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्वर झाडले. अंतर हाताच्या टप्प्यातले होते आणि नळीच्या लांबीचा तेथे काही संबंध आला नाही. गोळी खिशातील टिपणवहीच्या धातूच्या गुंडीवर अडली. नावाचा योगायोग मात्र मराठी वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर शस्त्र अधिनियम, १९५९ अमलात आला आणि त्याच्या सहाव्या कलमाने परवान्यावाचून अग्निशस्त्राची नळी आखूड करण्यास मनाई केली. नळी कापणे हा स्वतंत्र अपराध म्हणून या देशाच्या कायद्यात असा स्पष्ट शब्दांनी आला. १९६२ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, ज्यांच्या नळीत आटे नाहीत अशा बंदुकांची नळी वीस इंचांहून आखूड असल्यास त्या अधिक कडक गटात घातल्या आहेत. ज्या लांबीसाठी जुन्या मराठीत कराबीन आणि बंदूक अशी दोन नावे होती तेथे आता एक नाव आणि एक आकडा आहे. रिव्हॉल्वर आणि पिस्तुले मात्र त्याच अनुसूचीत निराळ्या गटात केवळ नावाने नोंदलेली आहेत, त्यांस लांबीची अट नाही. २०१६ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे ०.३२ इंच तोंडाचे रिव्हॉल्वर वेब्लीच्या वंशातले आहे. त्याची काडतुसे खडकीच्या कारखान्यात होत आली आणि त्यांच्या बुडावर त्या कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरे उठविलेली आढळतात. या शस्त्राचा घोडा अंगठ्यानेही चढतो आणि चापानेही. त्याच्या नळीची लांबी कारखाना ठरवितो, आणि पनवेलच्या परवानाधारकाने ते मागविले तरी त्याच्यापुढे साडेसात, साडेपाच आणि पावणेपाच इंचांची ती जुनी यादी येत नाही.